सासूबाईंचा अंगठा उमटत नाही, रेशनचे ५ किलो गेले. अजून काय काय सुटतंय?

सोलापूरची_सून (मंगळवार, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. आजवर इथे फक्त पाककृती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

आमचं केशरी कार्ड आहे, प्राधान्य कुटुंबाचा शिक्का असलेलं. घरात पाच माणसं, माणशी ५ किलो, म्हणजे महिन्याला २५ किलो गहू-तांदूळ. या महिन्यात दुकानदाराने २० च मापले. "आजींचं केवायसी झालं नाही, त्यांचं नाव बंद दाखवतंय," म्हणाला.

सासूबाई ७१ वर्षांच्या. जवळजवळ चाळीस वर्षं विड्या वळल्या त्यांनी. मांडीवर सूप, ओलं पान पत्र्याच्या मापाला लावून कात्रीने कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा मारायचा, नखाने तोंड दुमडायचं. दिवसाला हजार. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट असं गुळगुळीत झालंय की उजेडात धरलं तर चमकतं. रेषा म्हणून राहिल्याच नाहीत. दुकानदार तसा वाईट नाही. त्याने आधी रुमालाने अंगठा पुसला, मग थोडं खोबरेल लावून बघितलं, मग डावा हात घेतला. यंत्र आपलं तेच बोलत राहिलं. मागे रांग. शेवटी सासूबाईंनी हात पदराखाली घेतला, जणू काही चोरलंय. ते काही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

घरची गत अशी: यजमान टॉवेलच्या कारखान्यात. पूर्वी सहा दिवस काम असायचं, आता चारच दिवस. मी ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. दोघांचे मिळून महिन्याला ११-१२ हजार. लाडक्या बहिणीचे १५०० येतात ते वेगळे. मुलगी बारावी सायन्सला, मुलगा सातवीत. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांना ८००-९०० जातात. वीज ११८-१२० युनिट. गॅस यजमानांच्या नावावर.

दोन प्रश्न. ते ५ किलो परत कसे मिळवायचे? आणि आमच्यासारख्यांना आणखी कशात सवलत बसते का? सगळे "सेतूत विचार" म्हणतात. सेतूत विचारलं की "कुठला फॉर्म पाहिजे ते सांगा" म्हणतात. कुठला पाहिजे तेच तर माहीत नाही की हो!

जिरेमोहरी (मंगळवार, रात्री १०:३१)

ताई, अंगठ्याचं सोपं आहे, घाबरू नका. 'मेरा ई-केवायसी' नावाचं सरकारी ॲप आहे. त्याच्यासोबत आधारचं 'फेस आरडी' ॲपही उतरवून घ्यायचं. राज्य निवडायचं, आजींचा आधार क्रमांक टाकायचा, ओटीपी येतो, मग चेहरा दाखवायचा. डोळे मिचकावायला सांगतं. अंगठ्याचा प्रश्नच येत नाही. माझ्या आत्येसासूबाईंचं घरात बसून केलं. फक्त खिडकीसमोर तोंड करून बसवा, ट्यूबलाइटखाली धरत नाही.

आणि हे फुकट आहे. कुणी २००-५०० मागितले तर सरळ उठून या.

सोलापूरची_सून (मंगळवार, रात्री १०:४०)

अडचण तिथेच आहे. त्यांच्या आधारला जोडलेला नंबर दिरांचा जुना, तो बंद पडून चार वर्षं झाली. ओटीपी येणार कुठे?

जिरेमोहरी (मंगळवार, रात्री १०:४४)

मग आधी नंबर बदला. आधार केंद्रावर होतं. नाहीतर पोस्टमनला विचारा, पोस्टाच्या पेमेंट्स बँकेतर्फे तो घरी येऊन मोबाइल नंबर जोडून देतो.

कागदवेडा (बुधवार, सकाळी ६:०५)

तीस वर्षं सरकारी टेबलामागे बसून काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सरकारच्या लेखी 'गरीब' म्हणजे कोण, याचं एक उत्तर नाही. प्रत्येक योजनेचा उंबरठा वेगळा. तुमचं वर्षाचं उत्पन्न १ लाख ४० हजार धरू आणि एकेका दारात उभे राहून बघू.

संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ: महिन्याला १,५०० मिळतात, पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत हवं. सगळ्या घराला मिळून दिवसाचे ५८ रुपयेही नाहीत. इथे तुम्ही सावकार ठरता. सासूबाईंसाठी तो अर्ज करून चपला झिजवू नका. लाडकी बहीणही त्यांना नाही, ती ६५ पर्यंतच.

रेशनचं प्राधान्य: शहरात ५९,०००, गावात ४४,०००. इथेही कागदावर तुम्ही वरच.

आता पुढचं दार. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ कक. तिथे निर्धन म्हणजे वर्षाला १,८०,००० पर्यंत. म्हणजे पहिल्या दारात सावकार असलेले तुम्ही इथे चक्क निर्धन! उद्या कुणाला ॲडमिट करायची वेळ आली तर आधी "हे धर्मादाय आहे का?" विचारायचं आणि तिथल्या समाजसेवकाला गाठायचं. पैसे भरून झाल्यावर नव्हे, दाखल होतानाच.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कार्डाचा रंगही आड येत नाही, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कवच आहे. अंगीकृत, म्हणजे योजनेत घेतलेल्या, रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला भेटायचं.

लाडकी बहीण अडीच लाख, ते तुम्ही घेताच. आणि मुलगी बारावीला आहे म्हणून मुद्दाम सांगतो: २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आर्थिकदृष्ट्या मागास, ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास), उत्पन्न ८ लाखांच्या आत. पण प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की सवलत गेली. इंजिनीअरिंग असो की फार्मसी, फॉर्म भरताना हे डोक्यात पक्कं असू द्या. तुमच्या घरातली सगळ्यात मोठी बचत इथे आहे, त्या ५ किलोत नाही.

करदाता_७७ (बुधवार, सकाळी ९:२०)

कुणी काही म्हणो, मला एक कळत नाही. उत्पन्न १ लाख ४० हजार, मर्यादा ५९ हजार, आणि तरी प्राधान्याचं धान्य चालू. वर तक्रार की ५ किलो कमी आलं. आम्ही टॅक्स भरायचा आणि...

बार्शीलाईट (बुधवार, सकाळी ९:३३)

@करदाता, ती ५९ हजारांची मर्यादा २०१३ सालची आहे. बारा वर्षांच्या पोराला बारशाचं झबलं घालायचं आणि वर "तुझं पोट का दिसतंय" म्हणून विचारायचं, असला प्रकार झाला हा. महिन्याला पाच हजाराच्या आत सोलापुरात पाच माणसं जगवून दाखवा, तुमच्या टॅक्सची पावती मी फ्रेम करून लावतो.

सोलापूरची_सून (बुधवार, दुपारी २:१५)

भांडू नका. कार्डावर शिक्का बसला तेव्हा सासरे आजारी होते, यजमानांचं काम सुटलं होतं, घर विड्यांवर चालायचं. तेव्हा आम्ही बसत होतो. नंतर कुणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही, हे खरं. पुढे तपासणी झाली आणि बंद केलं तर कुरकुर करणार नाही. पण माणसाचं उत्पन्न वाढलं म्हणून धान्य बंद होणं वेगळं आणि अंगठा झिजला म्हणून बंद होणं वेगळं. मला दुसऱ्याचा राग आहे.

करदाता_७७ (बुधवार, दुपारी ३:०२)

हे पटलं. शब्द मागे घेतो.

फॉर्मसम्राट (बुधवार, दुपारी ४:४०)

ताई, ५८ हजारांचा दाखला काढून टाका ना. सगळेच काढतात. माझ्या ओळखीत माणूस आहे, १५०० घेतो, स्टँपपेपरसकट.

कागदवेडा (बुधवार, दुपारी ४:५८)

अजिबात नको. खोटं प्रतिज्ञापत्र म्हणजे उद्या मुलीच्या प्रवेशाच्या वेळी खऱ्या उत्पन्नाचा दाखला जोडाल तेव्हा दोन कागद एकमेकांच्या झिंज्या धरतील. ८ लाखांच्या मर्यादेतली फीमाफी खऱ्या आकड्यावर मिळत असताना ५८ हजारांच्या थापेची गरजच काय?

आणि तो स्टँपपेपर! उत्पन्न, जात, रहिवास असल्या दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं. तरी दाखल्यांच्या मोसमात स्टँप विक्रेत्यांपुढे रांगा असतात, कारण मागचा पुढच्याचं बघून उभा राहतो. अर्ज दिला की पोच घ्या, तीवर तारीख असते. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. दिलेल्या मुदतीत दाखला आला नाही तर त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. अपिलाचं नुसतं नाव काढलं तरी फाइल हलते, हा टेबलामागचा अनुभव.

मीटरवाला (बुधवार, रात्री ८:१५)

माझा विषय आला. ११८ युनिट म्हणालात ना?

आधी एक गैरसमज काढतो. १०० च्या वर गेलं की सगळं बिल वरच्या दराने लागतं असं लोक समजतात. तसं नाही. पहिले १०० खालच्याच दराने, फक्त वरचे १८ पुढच्या टप्प्यात. पण तो दर जवळजवळ दुप्पट आहे, म्हणून घाव त्या १८ वर घालायचा. रीडिंग महिन्याऐवजी ३५-४० दिवसांनी झालं असेल तर टप्पाही त्या दिवसांच्या हिशेबाने वाढवून मिळतो. बिलावर तारखा बघत जा.

जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो. सोलापुरात तो सोळा तास फिरणारच. म्हणजे महिन्याला ३६ युनिट, एकट्या पंख्याचे. बीएलडीसी मोटरचा पंखा २८-३० वॅटमध्ये तेवढाच वारा देतो, साधारण १४ युनिट. एकच पंखा बदलला, सगळ्यात जास्त चालणारा, तरी तुम्ही १०० च्या खाली. अडीच-तीन हजार जातात, पण एकदाच. बाकीचे पंखे मेल्याशिवाय बदलू नका.

फ्रिजच्या दारात दहाची नोट अडकवून दार लावा. नोट अलगद निघाली तर रबर गेलंय, ते बदला, फ्रिज नको.

बिल आल्यापासून सात दिवसांत भरलं तर महावितरण १ टक्का सूट देतं. कागदी बिल बंद केलं तर बिलामागे १० रुपये. किरकोळ वाटेल, पण दहाची कोथिंबीर आता कोण देतंय?

जिरेमोहरी (बुधवार, रात्री ८:५०)

गोळ्यांचं मी सांगते. जनऔषधी केंद्रात बीपीच्या नेहमीच्या गोळ्या ब्रँडेडच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, कधीकधी त्याहूनही खूप कमी. फक्त दुकानात जाऊन ब्रँडचं नाव सांगू नका. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहून घ्या: एमलोडिपिन ५, टेलमिसार्टन ४०, जे काय असेल ते. आणि आपल्या मनाने बदलू नका, डॉक्टरांना दाखवून मगच सुरू करा. माझ्या आईचा खर्च तिसऱ्या हिश्शावर आला. मुलीसाठी सॅनिटरी पॅडही तिथे १ रुपयाला एक मिळतं.

आणखी एक, आजी ७० च्या वर आहेत. त्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, ५ लाखांपर्यंतचे उपचार. आयुष्मान ॲपवर तिथेही चेहऱ्याने ओळख पटवता येते. एकदा नंबर जोडला की एका बैठकीत दोन्ही उरका.

अन्नपूर्णा योजनेचे वर्षाला तीन सिलिंडर मात्र गॅस जोडणी बाईच्या नावावर असेल तरच. तुमची यजमानांच्या नावावर, तिथे आत्ता तरी हुकलं. आमचंही तसंच हुकलंय, आणि आमच्या ह्यांना त्याचं काहीच वाटत नाही.

बार्शीलाईट (बुधवार, रात्री १०:२०)

तुम्ही सगळे सरकारी दारं ठोठावताय, मी आपला ज्वारीकडे वळतो.

सोलापुरात राहून महिन्याच्या महिन्याला पाच-दहा किलो ज्वारी आणणं म्हणजे नदीकाठी बसून बाटलीतलं पाणी विकत घेणं. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुगी झाली की मालदांडी बाजारात उतरते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे, पण नावाचे जादा पैसे नको असतील तर कुठल्याही ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्या, खळ्यावरची. शेजारच्या तिघींना गाठा, मिळून टेम्पो सांगा. पाच माणसांना दोन वेळ भाकरी असेल तर वर्षाला चार-साडेचार क्विंटल लागते. एकदम पैसे नसतात हे मला कळतं. आमच्या आईची त्यासाठी वेगळी भिशी होती, दहा जणींची, आणि मार्चचा नंबर सगळ्यांना हवा असायचा, त्यावरून वर्षभर अबोला.

तीन दिवस कडक उन्हात वाळवायची, सावलीत पूर्ण निवू द्यायची. ऊन ऊन भरली की किडा हमखास. कोठीत थराथराला वाळलेला कडुनिंबाचा पाला. आमच्याकडे गोवरीची चाळलेली राखही मिसळायचे. दळायच्या आधी पाखडलं की झालं.

(अवांतर: ज्या भाकऱ्या उरतील त्यांच्या कडक भाकऱ्या करा. शेंगाचटणीबरोबर पाहुण्यांना घाला. ते वर पार्सल मागतील.)

कागदवेडा (गुरुवार, सकाळी ६:१०)

रात्री अंथरुणात आठवलं, म्हणून पहिलं काम हे.

सूनबाई, सासूबाई विड्या कुठे देत होत्या? घरबसल्या ठेकेदाराला की कारखान्याच्या वहीवर नाव होतं? पीएफ कापायचे का?

विचारतोय अशासाठी की विडी कामगारांना भविष्य निर्वाह निधी लागू होऊन अनेक दशकं झाली. १६ नोव्हेंबर १९९५ पासून त्याला जोडून पेन्शन योजनाही आली. दहा वर्षं सेवा भरली असेल तर ५८ व्या वर्षापासून पेन्शन लागते. सप्टेंबर २०१४ पासून ती किमान १,००० रुपये आहे. काम सुटल्यावर पीएफची रक्कम एकदम मिळते, ती घेऊन बायका घरी येतात. पेन्शनचा अर्ज वेगळा असतो, १० डी नमुना, हे त्यांना कुणी सांगत नाही.

सोलापूरची_सून (गुरुवार, दुपारी १:३०)

काका, हात थरथरतोय टाइप करताना. त्यांना विचारलं. २०१४ ला काम सोडलं, पुढच्या वर्षी कारखान्याकडून "फंडाचे" पैसे मिळाले होते, त्यातून नणंदेच्या बाळंतपणाचं भागवलं. पेन्शन? "ती सरकारी लोकांना असते," म्हणाल्या.

त्यांची पत्र्याची पेटी उघडली. जुन्या इरकलीच्या तुकड्यात बांधलेला गठ्ठा निघाला. लग्नपत्रिका, सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला, आणि पीएफच्या तीन चिठ्ठ्या, १९९८, २००३ आणि २००९ सालच्या. नंबर स्पष्ट आहे. पण नाव! आधारवर सासरचं नाव, चिठ्ठीवर माहेरचं. आमच्याकडे घरात तेलुगू, लग्नात नाव बदललेलं, आणि कारखान्यात त्या लग्नाआधीपासून जायच्या. जन्मसालातही दोन वर्षांचा फरक.

कागदवेडा (गुरुवार, दुपारी १:५२)

१९९८ ते २००९ मध्येच अकरा वर्षं दिसतात. दहाची अट तिथेच पुरी होईल असं वाटतं. बाकी सेवा वहीवर निघेल.

नावाचं घाबरू नका. संयुक्त घोषणापत्र नावाचा फॉर्म असतो, कामगार आणि मालक दोघांनी सही करून नाव-जन्मतारीख दुरुस्त करायची. कारखाना चालू आहे ना? तिथल्या कारकुनाकडे जा, चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स न्या, मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका. लग्नपत्रिका निघाली म्हणालात, ती जपा, दोन्ही नावं एका कागदावर आणायला तीच उपयोगी पडेल. अडलं तर पीएफवाल्यांचं 'निधी आपके निकट' शिबिर दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात भरतं, तिथे थेट अधिकाऱ्यासमोर बसता येतं.

पूर्वभागातला (गुरुवार, संध्याकाळी ६:४५)

आमच्या गल्लीत घरटी एक विडीवाली आजी आहे. हा धागा छापून मंदिराच्या कट्ट्यावर लावू का? कागदवेडा काकांची हरकत नसेल तर.

कागदवेडा (गुरुवार, संध्याकाळी ७:००)

लावा. मोठ्या अक्षरात लावा.

सोलापूरची_सून (पुढच्या महिन्यात, १९ तारीख, रात्री ९:५५)

धागा वर काढतेय.

पोस्टमनने घरी येऊन नंबर जोडला. चार दिवसांनी खिडकीसमोर बसवून चेहऱ्याचं केवायसी केलं. ॲप म्हणालं डोळे मिचकावा, सासूबाईंनी दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले, देवापुढे मिटतात तसे, आणि उघडेचनात. तिसऱ्या वेळी मुलीने कानात सांगितलं, "आज्जी, धूळ गेल्यासारखं कर." हिरवं वर्तुळ आलं. काल २५ किलो मापून मिळालं. वय वंदना कार्डही झालं.

गोळ्या जनऔषधीच्या सुरू केल्या, डॉक्टरांना दाखवून. या महिन्याला २६० रुपये लागले. पंखा अजून घेतला नाही, दिवाळीचे ब्लाउज शिवून झाले की.

पीएफचं: कारखान्यातल्या कारकुनाने दोन हेलपाटे घालायला लावले, तिसऱ्याला जुनी वही काढली. १९९५ च्याही आधीपासून नाव आहे. संयुक्त घोषणापत्रावर त्यांची सही झाली, सासूबाईंनी अंगठा केला. शाईचा. तो मात्र छान काळा उमटला, रेषा नसल्या तरी. १० डी नाव दुरुस्त झाल्यावर जाईल. मंजूर झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला लागेल ना? तिथे परत अंगठा?

जिरेमोहरी (रात्री १०:०३)

नाही. जीवन प्रमाण पण चेहऱ्यावरून होतं. डोळे मिचकवायची प्रॅक्टिस तेवढी चालू ठेवा.

सोलापूरची_सून (रात्री १०:१०)

😀 सांगते त्यांना.

काका, त्या पेटीत आणखी एक कागद आहे, पिवळा पडलेला, सासऱ्यांच्या नावाचा. विमा पॉलिसी वाटते. फोटो टाकू का?

कागदवेडा (रात्री १०:१४)

टाका. पॉलिसी नंबर बोटाने झाकून.